तुम्ही

आमच्या बेटावर आईला तुम्ही म्हणतात.
भांडतानासुद्धा.
त्यामुळे भांडण सावकाश चालतं,
ओहोटीला चिखलातून माणसं चालतात तसं,
एकेक पाय उपसून.

'तुम्ही ऐकून तर घ्या,' मी म्हणते.
आई बटाटे किसते.
किसणी थांबत नाही.

गोष्ट एवढीच:
समुद्राने यंदा कोंबड्यांचं खुराडं नेलं.
पुढच्या हिवाळ्यात पायऱ्या नेईल, मग उंबरा.
मी म्हणते, चला माझ्याकडे, कास्त्रोला.
तिसरा मजला, गरम पाण्याचा नळ,
खिडकीतून बंदर दिसतं.
आई म्हणते, घर वर न्यायचं, टेकडीवर.
खाली ओंडके, पुढे सहा बैलजोड्या,
आणि सगळं गाव दोराला.
ती नवी नवरी होती तेव्हा हे घर असंच आलं,
पलीकडच्या बेटावरून, पाण्यावर तरंगत,
बोटींमागे बांधलेलं.
धुराड्यातून म्हणे धूर येत होता,
कारण सासूने विस्तव विझवू दिला नव्हता.

'एक्क्याऐंशी वर्षांच्या आहात तुम्ही.'
'मला मोजता येतं.'
'वर डॉक्टर कुठे आहे?'
'खाली तरी कुठे आहे?'

मग एका रविवारी मी म्हणाले,
अगदी हळू, अगदी अदबीने,
एकही मात्रा न चुकवता:
'तुम्हाला यातलं काही कळत नाही.'

किसणी थांबली.
चुलीत एक लाकूड तडकलं, तेवढंच.
आई उठली, किटली पुसली,
पुसलेलीच होती ती.
'ओर्फेलिना,
पाच वर्षांची असताना तू चमचा फेकून
मला एकदा "तू" म्हणाली होतीस.
तेव्हा मी हसले होते.
आज तुम्ही म्हणालीस,
आणि माझ्याच घरात कुठे बसावं ते मला कळेना.'

परतीच्या बसमध्ये
मी ते वाक्य उलटंपालटं करून पाहिलं.
व्याकरण निर्दोष होतं.

पुढच्या रविवारी मी काही पटवायला गेले नाही.
म्हणजे पटवायचं होतंच,
पण आधी सरपण फोडलं,
हाताला फोड येईपर्यंत.
मग विचारलं,
जे चार महिन्यांत एकदाही विचारलं नव्हतं:
'वर नेऊन काय करणार आहात?'

आईने हात पदराएवढ्याच जुन्या एप्रनला पुसले.
'फिरवणार आहे. तोंड डोंगराकडे.
चाळीस वर्षं हा दरवाजा समुद्राकडे बघतोय
आणि तुझ्या बापाची बोट काही आली नाही.
आता मला वाट बघायची नाही.'

मला वाटत होतं, ती जुन्याला धरून बसलीय.
ती तर पाठ फिरवायला निघाली होती.

तरीही मी म्हणाले,
'मला भीती वाटते. मला हे पटलेलं नाही.'
या वेळी आवाज अदबीचा नव्हता,
रडवेला होता, जरा फाटकाच.
आई म्हणाली, 'नसेल पटलं. बस.
हे बटाटे सोल.'
आणि मोठी सुरी तिने स्वतःकडे ठेवली,
फोड आलेला हात बघून.

मार्चमध्ये ओंडके पडले.
काचा काढलेलं घर, बोळकं झालेलं,
चढणीला लागलं.
एरिबेर्तो बैलांना शिव्या देतोय,
मुलं चिखलात लोळतायत,
धुराड्यातून धूर,
कारण आई आतच बसलीय, कुणाचंही न ऐकता.

माझं मत मी बदललेलं नाही.
कास्त्रोच बरं होतं, असं अजून वाटतं.
ते तिला ठाऊक आहे.
दोर माझ्या खांद्यावर आहे, तेही.

बैल दम खायला थांबले की मी ओरडते:
'आई, तुम्ही खाली उतरा आधी!'

आतून किसणीचा आवाज येतो.