परतीची तारीख

डेरीच्या टेकडीवर, दर दुसऱ्या गुरुवारी,
लॉर्कन ग्रंथालयाची गाडी उभी करतो
मासळी तळणाऱ्या दुकानाच्या भिंतीला लागून.
तीन पायऱ्या, दोन हीटर, त्यातला एक चालतो,
आणि माझा शिक्का.

डर्मॉट मॅकॅटीर सगळ्यांत आधी.
पुस्तकांना तपकिरी कागदाची कव्हरं, स्वतःच्या हातची.
अकरा वर्षांत एक दिवस उशीर नाही.
एकाच कपाटापाशी थांबतो:
एकटा माणूस, विकले गेलेले पोलीस, झोपलेलं शहर,
आणि शेवटून तिसऱ्या प्रकरणात
ज्याचं त्याला.
"यांच्यात न्याय असतो," म्हणतो, "बाहेर कुठंय?"
कायदा हातात घेणारी माणसं असतात म्हणे इथे.
डर्मॉटच्या हातात मी कायम पुस्तकच पाहिलं.

पेन्सिलीनं तो एकच वाक्य अधोरेखित करतो.
पुस्तक कुठलंही असो, वाक्य तेच:
कुणीतरी हे करायलाच हवं.
मी घरी नेऊन खोडरबरानं रेघ पुसते.
स्वयंपाकघरातल्या टेबलावर काळा भुगा जमतो.
फुंकून टाकते.

नोव्हेंबरात ग्रॉन्या आली. कधी न येणारी.
तिच्या ओडरननं लोकांच्या गाड्या पळवल्या होत्या,
एक तर फादरचीच.
सतराचा. गुडघ्याला बाशिंग बांधायचं वय.
दाराखालून चिठ्ठी सरकली होती:
गुरुवार, सात वाजता, दुकानांच्या मागे.
तिनं विचारलं, बटाट्याचा भाव विचारावा तसं,
"गुडघ्याच्या आत काय काय असतं,
याचं पुस्तक आहे का?
त्याला सांगायचंय, पाय कसा धरायचा."

होतं. परिचारिकांसाठीचं, जुनं.
पान एकशे बारा. वाटी, वाटीमागची रक्तवाहिनी,
एक लाल, एक निळी.
ती उभ्यानंच वाचत राहिली,
बोट ठेवून, ओठ हलवत,
मग चिठ्ठीच खूण म्हणून पानात घातली.
तारखेखाली पेन्सिलीची रेघ होती.
अकरा वर्षं मी ती रेघ पुसतेय.

रांगेत तिच्यामागे डर्मॉट.
त्यानं तिला वाट दिली. टोपीसुद्धा काढली.
मी दोन्ही पुस्तकांवर एकच तारीख उठवली.
बोलले काहीच नाही.
'शांतता राखा' अशी पाटी आहे आमच्या गाडीत.

त्याच्या पुस्तकांत गोळीनंतर प्रकरण संपतं.
अर्धं पान कोरं.
त्या कोऱ्या जागेत
पोराला जुनी पँट घालायला कोण सांगतं,
कोपऱ्यावर कोट घेऊन कोण उभं राहतं,
आणि मोजत बसतं, एक झाली, आता दुसरी,
हे कुणी छापत नाही.

मार्चात ओडरन आला.
तीन पायऱ्यांना लॉर्कनचा खांदा लागला.
कुबडी टेबलाला टेकवून
त्यानं डर्मॉटच्या कपाटाकडे बोट केलं.
"त्यातलं एक. जाडजूड असलं तर बरं.
रात्री लवकर संपत नाहीत."

दिलं. तपकिरी कव्हरासकट.
त्यातली रेघ पुसायची राहिली होती.
राहिली होती, की मी राहू दिली?

पंधरा दिवसांनी वेळेवर परत आलं.
त्या रेघेखाली दुसरी रेघ,
शाईची.
खोडरबर फिरवला,
तर कागदच निघायला लागला.