एक रुपयाची पावती

शताब्दीच्या स्मरणिकेला दोन पानं लिहून द्या,
'गावाचा इतिहास आणि कारभार', म्हणाले मुख्याधिकारी.
साहेब परभणीकडचे. येऊन चार महिने झाले,
तांबड्या रश्श्यानं अजून ठसका लागतो.
मी आवक-जावक सांभाळली एकतीस वर्षं.
म्हटलं, लिहितो.

कसबा तळूर. पंचगंगेचा डावा काठ.
कोल्हापूरपासून मोटारीनं तास, पाण्यानं दीड दिवस.
प्रभाग सतरा. लोकसंख्या,
ऊसतोडीच्या टोळ्या धरून की सोडून
हे जनगणनेलाही ठरवता आलं नाही.
स्थापना.
इथं पेन थांबतं.
संस्थानी हुकूम मोडीत आहे
आणि मोडी वाचणारे आप्पाण्णा उपाध्ये
रोज चार वाजता ऑफिसात चहाला यायचे,
तेव्हा आम्ही त्यांना फक्त चहा दिला.

संस्थान विलीन झालं त्या दिवशीची नोंद मात्र वाचता येते:
'दिवाबत्तीस रॉकेल दोन डबे. शेरा: काही नाही.'

सभागृहात नगराध्यक्षांच्या नावांचा फलक आहे,
सोनेरी अक्षरं, वर हार.
एक नाव कुणीतरी किल्लीनं खरवडलंय,
कुणी ते सगळ्यांना माहीत आहे, इतिवृत्तात नाही.
मधेमधे नुसतं 'प्रशासक', 'प्रशासक'.
सगळ्यांत जास्त वर्षं त्यानंच कारभार केला.
त्याचा फोटो नाही, गल्लीला नाव नाही,
पोटनिवडणुकीत त्याला कुणी पाडलं नाही.

आता नावेचं.
पलीकडच्या काठाला जायचा मक्ता दर चैत्रात लिलावानं जायचा.
पूल झाला तसा लिलावाला एकटाच माणूस आला,
यल्लाप्पा अंबी. म्हणाला, एक रुपया.
सरकारी बोली एक, दोन, तीन.
मक्ता रद्द करायचा ठराव कुणी आणला नाही,
विसरले असतील.
यल्लाप्पा दर चैत्रात यायचा, पायरीवर चप्पल काढायचा,
रुपया ठेवायचा, पावती मागायचा.
मी एकदा विचारलं, मामा, पूल असताना हे कशाला?
म्हणाला, पूल तुमचा हाय. नदी कुणाची ते पावतीवर लिहिलंय न्हवं.

त्या साली राजाराम बंधाऱ्याला पन्नास फुटांच्या वर गेलं.
आमचा पूल दिसेना. मग पुलाकडचा रस्ता दिसेना.
मग नगरपरिषदेच्या पायऱ्या एकेक करून.
जन्म-मृत्यूचं रजिस्टर मी डोक्यावर घेतलं,
शिपाई दस्तगीरनं घरपट्टीची चोपडी,
आणि शिक्के पिशवीत.
खिडकीला नाव लागली.
यल्लाप्पा पंच्याहत्तरीचा, छातीचं पिंजर झालेलं.
आधी बाळंतीण, मग म्हस, म्हणाला,
दप्तर शेवटी.
दप्तराचा कारकून होतो मी, मला राग आला.
बाळंतिणीचं पोर मात्र माझ्याच रजिस्टरात लागलं,
जन्मस्थळाच्या रकान्यात
काय लिहावं हे सुचेना म्हणून मी 'नाव' लिहिलं.
तालुक्याहून ते परत आलं:
'बाळाचे नाव चुकीच्या रकान्यात.'

ओलं दप्तर शाळेच्या गच्चीवर वाळत घातलं.
पानं एकमेकांना चिकटलेली.
जन्म सोडवायला गेलो तर मृत्यूही निघून यायचा,
शाई तेवढी पलीकडे उमटलेली, उलटी.
भिंतीवर पाण्याची रेघ राहिली,
फलकावरच्या तिसऱ्या नगराध्यक्षापर्यंत.
रंग दिला तरी पावसाळ्यात परत दिसते.

यल्लाप्पा पुढच्या थंडीत गेला.
या चैत्रात त्याची नात आली, वैजयंता,
सूतगिरणीची पाळी संपवून, केसांत कापूस तसाच.
रुपया टेबलावर ठेवला.
नवा पोरगा म्हणाला, ताई, सिस्टीम एक रुपया घेत नाही.
आणि नावेचा मक्ता असं शीर्षकच नाही,
'इतर'मध्ये टाकू का?
ती म्हणाली, इतर कसं?

मी रिटायर झालोय, मला अधिकार नाही.
पण जुनं पावतीपुस्तक कपाटावर कुठं असतं
ते अजून मलाच माहीत आहे.
पाणी लागून त्याच्या कडा फुगलेल्या,
कार्बन मात्र चालतो.

साहेब, दोन पानांत एवढंच बसलं.
स्थापनेची तारीख मोकळी सोडली आहे.