साठला सुरू, बावन्नला बंद

मर्गिलानच्या बाजारात मी मोबाइल दुरुस्त करतो.
फुटलेली काच, बुजलेलं चार्जिंगचं भोक, तेवढंच.
होसियत-ओपा आली ती कापडात काही गुंडाळून;
मला वाटलं, गरम नान असेल.
निघाली मोटर. दोन मुठींएवढी.
जळक्या वार्निशचा वास पार खरबूजवाल्यापर्यंत गेला.
"वर्षातली ही तिसरी," ती म्हणाली.
"आणि मी रोज हात लावून बघते रे,
कधीच तापलेली नसते."

तिच्या शेडमध्ये गेलो. जुलै.
बाहेर बेचाळीस, आत किती ते विचारू नये.
हंड्यात रेशमाचे कोश उकळत होते,
आणि ती त्या पाण्यात बोटं घालून
तंतूचं टोक शोधत होती,
कणकेतला केस शोधावा तशी, न बघता.
झारा हाताशी होता, कोरडा.
मग चहा झाला.
माझी पियाला मी या हातातून त्या हातात, पुन्हा या हातात;
तिची तिने तळव्यावर धरली होती, गच्च,
आणि सुनेच्या बाळंतपणाचं सांगत होती.

तिचा हात खोटं बोलत नव्हता.
चाळीस वर्षांमागे केव्हातरी
त्याने सांगायचंच सोडून दिलं होतं.

"ओपा, मोटरला पंखा लावू," एवढंच म्हणालो.

मोडक्या संगणकातला पंखा, एका पाकळीचा टवका उडालेला.
थर्मिस्टर, मसुराच्या दाण्याएवढा:
तापला की याचा विरोध कमी होतो
(माणसांत असं मी पाहिलेलं नाही).
एक चिप, एक ट्रान्झिस्टर,
आणि एक डायोड, जो मी विसरलो;
ट्रान्झिस्टर गेला तेव्हा आठवला.

हलवाई अब्दुरसूलकडून पाकाचा थर्मामीटर आणला.
किटलीतलं पाणी वाटीत, पाण्यात दाणा,
नव्वद, ऐंशी, सत्तर...
सिगारेटच्या पाकिटावर आकडे उतरवत गेलो.
पाणी साठवर येईतो
दुसऱ्या किटलीतला चहा संपला.

पहिल्या दिवशी पंख्याला उचकी लागली.
चालू, बंद, चालू, बंद,
आणि मोटर आतल्या आत भाजतेच आहे.
चूक माझी: दाणा मी पंख्याच्या झोतात बसवला होता.
जो वाऱ्याला बसलाय
त्याला काय विचारायचं, घर किती तापलंय?

उपटला. मोटरच्या अंगावर, दोन पट्ट्यांच्या खाचेत,
पेस्ट लावून, वर कापूस, वर पट्टी,
जखमेला बांधतात तसा बांधला.
आणि चिपच्या शेवटाकडून सुरुवातीकडे
एक रेझिस्टर उलटा जोडला,
म्हणजे साठला सुरू, पण बंद व्हायचं ते बावन्नला.
मधले आठ अंश कुणाच्याच मालकीचे नाहीत.
तिथे पंखा आधी जे करत होता तेच करत राहतो,
लगेच पलटत नाही.
आमच्या बापाकडे हे आठ अंश नव्हते.
भाऊ आता कझानला विटा रचतो,
सणाला फोन करतो, तोही आईच्याच नंबरवर.

सप्टेंबर लागला. मोटर तीच आहे.
संध्याकाळी शेड बंद करताना
ओपा अजून तिच्यावर तळवा ठेवते,
ओठांत तीन आकडे मोजते.
काल मी तिथेच होतो, मोजता मोजता पंखा सुरू झाला,
टवक्याची पाकळी टकटक वाजली.
"बघ, घाबरतो मला," ती हसली,
आणि हात तिथेच राहू दिला.
मी त्या हाताकडे बघत राहिलो,
मग वायरकडे.

मजुरीचं विचारलं नव्हतं.
तिने रेशमाची एक लड दिली, कच्ची, कोशाच्या वासाची.
दुकानात, दिव्याखाली, रात्रभर चाचपतोय;
हिचं टोक कुठंय
ते माझ्या बोटांना लागत नाही.