कोपऱ्यातला अंगठा

तुदाला लिहिता येत नाही, तिच्या आईलाही नाही.
उएल्वाच्या शिवारात, प्लास्टिकच्या बोगद्यांमध्ये
आम्ही स्ट्रॉबेरी खुडतो,
रात्री पत्र्याच्या एका खोलीत आठजणी.
मी सहावीपर्यंत शिकलेली, म्हणून
सगळ्यांचे निरोप माझ्याच हातून जातात:
कुणाचा रुसवा, कुणाची उधारी,
हाद्दाच्या नवऱ्याच्या शिव्यासुद्धा मीच वाचून दाखवते,
जरा सौम्य करून.
तुदाचं मात्र माझ्यावाचून कधी अडलं नाही.
बोलायला गेलं की मायलेकी नुसत्या रडतात
आणि पैसे जातात,
म्हणून बोलणं त्यांनी केव्हाच सोडलं.

तिला डोंगरातून फोटो येतात.
आडवा पडलेला गॅसचा सिलिंडर: संपला.
तबकात निळ्या कागदातला साखरेचा शंकू:
पाहुणे येऊन गेले, बहुतेक धाकटीचं जमलं.
जुन्या वहाणेवर ठेवलेलं तुदाच्या लेकीचं पाऊल,
टाच बोटभर बाहेर.
एकदा नुसतं आभाळ आलं, करडं, बाकी काही नाही.
मी म्हटलं, चुकून दाबलं गेलं असेल.
तुदा म्हणाली, छे, बर्फ येतोय,
रस्ता बंद व्हायच्या आत पैसे पाठव म्हणते.

आणि प्रत्येक फोटोच्या उजव्या कोपऱ्यात
म्हाताऱ्या इत्तोचा अंगठा,
धूसर, तपकिरी, करपल्या भाकरीच्या कडेसारखा.
आम्ही हसायचो.
हाद्दा म्हणायची, सांग ना तिला, बोट बाजूला घे.
तुदा म्हणायची, असू दे.
कचेरीच्या कागदावर आई अंगठाच उठवते,
इथेही उठवते.

मार्चमधल्या एका मंगळवारी फोटो आला:
अक्रोडाखाली बसलेली लेक, केस विंचरलेले,
उजेड नेमका, डोंगर सरळ, सगळं स्वच्छ.
आम्ही म्हटलं, वा!
तुदानं कोपरा मोठा केला.
अजून मोठा केला.
दगड दिसले, शेळीच्या लेंड्या दिसल्या.

"हा आईनं काढलेला नाही,"
एवढंच बोलली.
फोन लावला. कुणी उचलला नाही.
दुसऱ्या दिवशी तिच्या पेटीत
निम्मी फळं हिरवी निघाली,
मुकादमीण सगळ्यांदेखत ओरडली.
मला वाटत होतं, काहीतरी बोलावं,
अक्षरं येणारी तर मीच.
एकही आठवलं नाही.

तिसऱ्या रात्री फोन थरथरला.
अख्ख्या काचेवर भरून एकच वस्तू:
चिंधीत गुंडाळलेला जाडजूड अंगठा.
मागे भाकरीची मातीची भट्टी,
काळी, पकडल्या गेलेल्या चोरासारखी.
आणि उजव्या कोपऱ्यात, धूसर,
एक चिमुकलं बोट.

तुदा इतकी हसली
की पलीकडच्या खोलीतून पत्र्यावर थापा पडल्या.
मग रडली असावी. दिवा मी मालवला होता.

बऱ्याच वेळानं अंधारातून म्हणाली,
राभा, आज तू लिही काहीतरी.
मी उठून बसले. काय लिहू?
तिनं खूप विचार केला.
मग म्हणाली, नको,
ती वाचून घ्यायला कुणाच्या दारात जाणार?

उठून तिनं दिवा लावला,
आपला पंजा पसरून धरला,
नखांच्या कडांना लाल रस सुकलेला,
आणि दुसऱ्या हातानं फोटो काढताना
फोन धरलेला अंगठा
जरासा आत सरकवला.