हो मी कोण?

वेंगुर्ल्याचा जुना बर्फ-कारखाना बंद पडल्यापासून
पोरं तिथं वाजवतात.
अमोनियाचा वास अजून भिंतींत मुरलेला,
पाइपांवर मीठ फुललेलं,
मध्ये ड्रम, दोन गिटार,
आणि कुबलांच्या घरून ओढलेली वायर.

हेरंब गातो. गातो म्हणजे घसा सोलतो.
"मी दोर कापला," म्हणतो,
"तो पोहत होता, मी इंजिन वाढवलं.
जाळं भरलेलं होतं, लिलाव सहाचा होता."
मग हसतो, माइक जवळजवळ तोंडात घालून.

त्याची आई उठून घरी गेली.
गिरपांच्या वहिनीनं हळूच विचारलं,
पोराचं बरं आहे ना, कुणाला दाखवलंत का?

मला हसू आलं.
अठ्ठावीस वर्षं दशावतारात राक्षसपार्टी केली मी.
जत्रेच्या रात्री ऋषी मारले, यज्ञ विझवले,
पेटीच्या सुरावर दुसऱ्याची बायको ओढत नेली,
आणि उजाडता तोंडाचा रंग खोबरेलानं पुसून
ह्याच वहिनीकडून बांगडे घेतले, उधारीवर.
कोणी चौकीत गेलं नाही.

पण रात्री झोप लागेना.
गाण्यात एक ओळ होती:
"निळी चप्पल बराच वेळ तरंगत होती,
एकच, डाव्या पायाची."
असलं काही मनानं रचता येत नाही.

दोन वर्षांमागे 'भागीरथी'वरचा नेपाळी खलाशी गेला.
पंचनाम्यात वय अंदाजे वीस, पाय घसरून.
नाव तीन ठिकाणी तीन तऱ्हेनं लिहिलेलं.
त्या मोसमात हेरंब त्याच बोटीवर होता,
बर्फ फोडायला.

सकाळी चहाला विचारलं,
"हो 'मी' कोण रे?"
तो पाव बुडवत राहिला.
"गाण्यातलो."
"गाण्यात खयसून इलो?"
"तुमचो राक्षस खयसून येय?"

आमच्या नाटकाला संहिता नसते.
बोलणं जागच्या जागी सुचतं, हसणंसुद्धा.
ज्या हसण्यानं पोरं आईच्या पदरात शिरायची
ते माझं नव्हतं, थोरल्या काकाचं होतं,
काकीला मागच्या खोलीत नेऊन कडी घालतानाचं.
मी दहा वर्षांचा, कडीच्या ह्या बाजूला.
पुढं मी रंगमंचावर तसा हसलो की
लोक टाळ्या वाजवायचे.
काकी पुढंच बसलेली असायची, सुपारी कातरत.
तिचा अडकित्ता थांबायचा.

मी पोराला एवढंच म्हटलं, पाव संपला, आणू का?

शनिवारी पुन्हा वाजवणार आहेत, बंदरावर,
ट्रॉलरवाल्यांच्या वर्गणीतून.
'भागीरथी'चा तांडेल पुढच्या खुर्चीत असेल.
मी त्याच्या मागची धरीन,
त्याची मान दिसेल अशी.
आणि चपलेची ओळ येईल तेव्हा
हेरंब कुणाकडे बघतो,
की डोळे मिटतो, तेही बघीन.