दोर आधी बांधतात

हरिपूरच्या वाटेला, जिथं जमीन
पायाखाली किंचित पोकळ वाजते,
तिथं माझे वडील पेवात उतरायचे.
एलिया आवळे. रोजंदारीवर.
हळदीचा भाव चढला की व्यापारी पेव फोडायचे
आणि वडिलांना निरोप यायचा.

तोंड एवढंसं, खांदे आवळून एक माणूस जाईल इतकं.
आत तीस फूट, रांजणासारखं पोट,
भिंतींना शेणामातीचं लिंपण,
वर्ष-दोन वर्षं अंधारात निजलेली हळकुंडं.
झाकण काढलं की आतली कोंडलेली हवा निघायची,
तिला ना रंग, ना आवाज.
दिवसभर तोंड उघडं ठेवायचं. मग कंदील सोडायचा.
कंदील जगला तर माणूस.

नियम एकच. दस्तगीरमामा दर वेळी सांगायचे,
काखेतून, कमरेला, दोर आवळता आवळता:
"ज्योत बारीक झाली की वर.
पोतं तिथंच टाक. विचारायला थांबू नको."

दोर आधी, नियम नंतर.
रोज डबा घेऊन जायचे, रोज बघायचे,
तरी हा क्रम कधी दिसला नाही.

दृढीकरणाच्या वर्गात पाळकसाहेबांनी विचारलं,
देव आधी सोडवतो की आधी आज्ञा देतो?
मी तेरा वर्षांची. हात वर करून म्हटलं,
आज्ञा पाळली तर सोडवतो.
साहेब हसले नाहीत. म्हणाले, निर्गम काढ, विसावा अध्याय,
पहिल्या आज्ञेच्या आधीची ओळ वाच.
मी वाचली. पण घाईनं,
पत्रावरची तारीख वाचावी तशी.

त्याच चैत्रात वडिलांनी ऐकलं नाही.
ज्योत बारीक झाली. त्यांनी पाहिली.
एकच पोतं राहिलं होतं,
आणि गणपती पेठेतल्या दुकानात
माझ्या पांढऱ्या फ्रॉकचं कापड बाजूला काढून ठेवलेलं.

वर मामांना एवढंच कळलं की दोर हलत नाही.
चुकलास का, सांगितलं होतं ना,
काही नाही. ओढलं.
तळहातांची कातडी दोराला राहिली.
वडील वर आले ते पापण्यांपर्यंत पिवळे,
हळद लागलेल्या नवरदेवासारखे,
आणि श्वास नाही.
मग आला.

रात्री आई म्हणाली, आता तरी शिका,
पुढच्या वेळी मामा ओढायचे नाहीत.
वडील भिंतीकडे बघत होते.
बऱ्याच वेळानं म्हणाले,
"सलोमी, तो ओढेलच. तेच तर."

पंधरवड्यानं पुन्हा उतरले.
आता ज्योत नुसती थरथरली तरी वर.
व्यापारी चिडायचा, अहो, जळतीय की अजून!
वडील अंगावरची हळद झटकत म्हणायचे,
"मामांच्या हाताला अजून पट्टी आहे."

मामा गेले. मग महापूर आला,
पेवं पाण्यानं भरली, हळद कुजली,
त्या वासानं गाव कितीतरी दिवस जेवलं नाही.
दोर आमच्या माळ्यावर आहे. उंदरांनी थोडा खाल्लाय.

तो वर्ग आता मी घेते.
दर वर्षी कुणीतरी विचारतंच,
सगळं माफच होणार असेल तर ऐकायचं कशाला?
मी पट्टीची गोष्ट सांगते.
परवा एका मुलानं विचारलं, पण मामा दमले असते तर?
म्हटलं, वही काढ.
घरी येईपर्यंत मला माझीच लाज वाटत होती.

वडील ब्याऐंशीचे. कालचं काही आठवत नाही.
संध्याकाळी वीज खालीवर होते,
बल्ब क्षणभर बारीक होतो,
आणि ते हातातला चहा आहे तिथं ठेवून
खुर्चीतून उठतात,
दोन्ही हात अंगापासून जरासे दूर,
काखेत
दोराला जागा ठेवून.