वर्णनाचा रकाना

सायकल स्टँडजवळ जुंपली दहावी ब-ची.
विश्वाराध्यचा अर्धा दात मीच शोधला खडीत,
दुधाच्या पेल्यात घालून डॉक्टरकडे धाडला.
दुसऱ्या दिवशी हत्तुरे बाईंची सूचना फळ्यावर:
कुठलंही चिन्ह नको, कुठल्याही रंगाचं.
बिल्ला, गंडा, स्टिकर, रुमाल.
माझ्या हातात बिस्किटांचा रिकामा डबा
आणि चार रकान्यांची वही:
नाव, इयत्ता, वस्तू, वर्णन.

मी यमूल, गेटवरचा शिपाई.
त्याआधी अठरा वर्षं मिलच्या रंगखात्यात.
तिथं रंगाला नंबर असायचा.
एकोणीस निळा, सात भगव्याच्या अलीकडचा,
एकतीस हिरवा, तो बसायला मीठ जास्त लागायचं.
एकोणीस आमचा, असं कुणी म्हणालं नाही.
भोंगा झाला की कोपरापर्यंत सगळे नंबर घेऊन घरी.
बायको तेलुगूत ओरडायची, आधी हात धुवा.

इथं नंबर चालत नाहीत.
काय लिहू? गोल, मधे काहीतरी? दोरी, तुटकी?
बाई म्हणतात, नुसतं ‘चिन्ह’ लिहा, यमूल.

नववीची लावण्या चिलका. लाल बिल्ला,
आईच्या विडी युनियनचा.
“काका, चिन्ह न्हाई हे. आईचा खाडा हाय.
तीन दिवसांची मजुरी गेली, त्याबदली हे मिळालं.”
काढ गं, म्हटलं.
“मार्शल लॉवर भाषण केलं की मी मागच्या महिन्यात.
टोपी घातली म्हणून धरत होते, ह्याच गावात.
बाईंनीच पेन दिलं बक्षीस.”
तेच पेन पुढं केलं:
“लिवा ह्यानं.”

लिहिलं.
पेन चांगलं चालतं.

तसा मी तिच्या बाजूचा नाही.
डब्यात तळाशी एक स्टिकर आहे,
त्यावर काय आहे ते सांगणार नाही.
ते बाकावर चिकटवलं, तेव्हापासून दोन दिवस
तौसिफ बागवाननं जेवणाचा डबा उघडला नव्हता,
नळाला तोंड लावून नुसतं पाणी पीत होता.
ते मी नखानं खरवडलं,
सूचना निघायच्या आधी, कुणाला न विचारता.

बिल्ला निघाला तर खाली गोल डाग.
दोन वर्षांच्या सोलापुरी उन्हात
गणवेशाचा निळा राखेवर आलेला,
तेवढीच जागा दुकानातून आणल्यासारखी.
बाईंनी पाहिलं. चष्मा कपाळावर नेला, खाली आणला.
“हे काय, यमूल?”
“रंग उडाला नाही तेवढ्यात.”
“मग वहीत?”
“वस्तू नाही ती, बाई.”
“नवा गणवेश घ्यायला सांगा.”
“किती हजार विड्या होतील, बाई?”
त्या थांबल्या.
मग म्हणाल्या, घंटा द्या.

शेवटच्या दिवशी सही घेऊन सगळं परत.
विश्वाराध्य नव्या दातानं हसत आला, गंडा घेऊन गेला.
लावण्यानं बिल्ला लावला नाही,
कंपासपेटीत टाकला, कर्कटकाशेजारी.

स्टिकर न्यायला कुणी आलं नाही.
पत्र्याला चिकटलंय, अर्धं फाटकं.
रॉकेल लावून पाहिलं, मीठ चोळून पाहिलं.
डबा बाईंना पुढच्या वर्षीही हवाय.